एलईडी जळतो का, आणि टाकीचा अलार्म शाळेतच मुका का होतो?

मॅडम, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आठवीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी ‘टाकी भरली की वाजणारा अलार्म’ करून घ्यायचाय. किट आणलं. त्यात ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मूठभर रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि बझर. पहिल्याच दिवशी एका मुलाने लाल एलईडी थेट बॅटरीला लावला, तो एकदा लख्ख चमकला आणि गेला. दुसऱ्याने तसाच एलईडी ३ व्होल्टच्या बटणसेलला लावला, तर तो मजेत पेटून राहिला. अलार्म घरी बादलीत वाजला, शाळेत वाजेना. आणि या सुट्या भागांचं काम मुलांना कसं सांगायचं, हाही प्रश्न आहेच.

मी २८ वर्षं रिपेअरिंगच्या टेबलावर बसतोय. हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांचं घोडं कुठे पेंड खातं, ते आता पाठ झालंय. रेझिस्टर म्हणजे काय, कपॅसिटर म्हणजे काय, याच्या व्याख्या सगळ्यांना येतात. येत नाही ती एकच गोष्ट: व्होल्टेज नेहमी दोन टोकांच्या मध्ये असतं आणि करंट एका जागेतून वाहतो. ‘या वायरमध्ये किती व्होल्ट आहेत?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत? आपल्या पाठ्यपुस्तकात व्होल्टेजला विभवांतर म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातलं ‘अंतर’ सोन्यासारखं आहे. अंतर म्हटलं की दोन जागा आल्याच. तिसरा मजला म्हणताना आपण तळमजल्यापासून मोजतो, तसंच हे. सर्किटमध्ये ज्या वायरला आपण तळमजला ठरवतो तिला ग्राउंड म्हणायचं. सहसा ती बॅटरीची मायनस बाजू असते. तिचा तीन पिनी प्लगमधल्या अर्थिंगशी संबंध असेलच असं नाही. तुमच्या बॅटरीच्या सर्किटात तर अजिबात नाही.

मुलांना पाण्याच्या नळाची उपमा देऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही देतो. पण ती एका ठिकाणी दगा देते. पाइप कापला की पाणी बाहेर सांडतं. वायर कापली की करंट सांडत नाही, सगळा प्रवाहच थांबतो, अगदी बॅटरीपासून. करंटला परत जायला वाट लागते. म्हणूनच ‘बॅटरीचं प्लस जोडलं, तरी काही होत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी मायनसची वायर बघतो.

आता एलईडी. तो रेझिस्टरसारखा वागत नाही. लाल एलईडीच्या दोन पायांमध्ये साधारण २ व्होल्ट पडले की तो पेटतो, पांढऱ्या किंवा निळ्याला ३ च्या आसपास लागतात. त्याहून किंचित जास्त दिले की करंट थोडा वाढत नाही, उसळतो. ९ व्होल्टची ताजी अल्कलाइन बॅटरी असा उसळलेला करंट सहज देते, शेकडो मिलिअँपिअर, आणि साध्या एलईडीची झेप २० मिलिअँपिअरची. आत केसाहून बारीक तार असते, ती आणि चिप, कुणीतरी एक जातं. मग बटणसेलवर का वाचला? कारण त्या सेलच्या पोटातच रोध आहे, म्हणजे करंटला अडथळा; रेझिस्टरचं कामही तेच. त्याला जास्त करंट देताच येत नाही, मागितला तर त्याचं स्वतःचं व्होल्टेज बसतं. म्हणजे रेझिस्टर तिथेही होता, फक्त तो सेलच्या आत दडला होता.

९ व्होल्टच्या बॅटरीला तो बाहेरून लावायचा. हिशेब तोंडी होतो. बॅटरीचे ९, त्यातले २ एलईडीने घेतले, उरले ७. हे ७ रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये पडणार. आपल्याला करंट हवा १५ मिलिअँपिअर. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम (ओहम हे रोधाचं माप). बाजारात ४६७ मिळत नाही, ४७० मिळतो. ४७० च का, असं मुलं नक्की विचारतील. रेझिस्टरचे ओहममधले आकडे दर पायरीला साधारण वीस टक्क्यांनी चढते ठेवलेत: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि पुढे त्यांचीच दहापट, शंभरपट. दहा टक्के इकडेतिकडे चालत असेल तर या बारा आकड्यांत सगळं बसतं. ४७० चे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. पिवळा म्हणजे ४, जांभळा ७, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य, सोनेरी म्हणजे पाच टक्के कमीजास्त. शाळेसाठी मी सरळ १ किलोओहम लावायला सांगेन: तपकिरी, काळा, लाल. करंट ७ मिलिअँपिअर होतो, आजकालच्या एलईडीला तेवढ्यात भरपूर उजेड येतो आणि बॅटरीही टिकते.

इथे एक प्रश्न दर वेळी येतो: रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा की नंतर? कुठेही. मुलांच्या डोक्यात चित्र असं असतं, की करंट बॅटरीतून जोरात निघतो, रेझिस्टरपाशी त्याला वेसण बसते आणि मग तो शहाणा होऊन एलईडीत शिरतो. तसं नसतं. एकाच फेऱ्यात जोडलेल्या सगळ्या भागांतून करंट सारखाच असतो, आधीही आणि नंतरही. वारकऱ्यांच्या एका रांगेत मधल्या कुणी पाऊल आखूड टाकलं की मागचे थांबतात आणि पुढच्यांनाही त्याच्यासाठी थांबावं लागतं, तसं समजा. मुलांना दोन्ही बाजूंना लावून बघू दे, उजेड तोच राहील.

मग मीटर काढा. स्वस्तातला पिवळा डिजिटल मल्टिमीटर पुरे. गोल बटण २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी वायर ‘कॉम’च्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग रेझिस्टरच्या दोन टोकांवर, मग एलईडीच्या. शेवटचे दोन आकडे मिळवले की पहिला आला पाहिजे. ७ आणि २ मिळून ९. आकडे असे काटेकोर नसतील, नवी बॅटरी साडेनऊच्या आसपासही दाखवते, पण बेरीज जुळेल. ही बेरीज एकदा स्वतःच्या हाताने जुळवलेलं पोर पुढे व्होल्टेज आणि करंटमध्ये घोळ घालत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि करंट मोजायला सर्किट तोडायचीही गरज नाही. १ किलोओहमवर ७ व्होल्ट पडलेत ना? मग ७ मिलिअँपिअर. आम्ही दुकानात बहुतेक वेळा असंच मोजतो. (हा नियम ज्यांच्या नावाने आहे ते ओहम स्वतः शाळेत शिकवायचे, जर्मनीतल्या कोलोनला. नियम पुस्तकात आला १८२७ साली. मुलांना सांगा.)

करंटच्या रेंजपासून मुद्दाम लांब ठेवतोय, कारण तिथे मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच. ती बॅटरीच्या दोन टोकांना लावली की शॉर्ट. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मी लाल वायर १० अँपिअरच्या भोकात विसरलो आणि तसाच बोर्डाच्या सॉकेटमधलं व्होल्टेज बघायला गेलो. स्वस्त मीटरात त्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. फट्‌ करून निळा जाळ, टोकाची सुई वितळून गोळा, सगळ्या दुकानात अंधार. चूक सर्वस्वी माझी होती. वर्गात त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका.

कपॅसिटर तुम्हाला आधीपासून माहीत आहे, फक्त ‘फॅनचा कंडेन्सर’ या नावाने. पंखा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होईना किंवा कायम मंद फिरायला लागला, की वायरमन साधारण अडीच मायक्रोफॅरडचा डबा बदलतो (फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप). पंख्याच्या मोटरीत तारेची दोन वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, असतात. दुसऱ्याच्या करंटची वेळ तो कपॅसिटर जरा सरकवतो, आणि त्या सरकण्यामुळेच पंख्याला कुठल्या दिशेने फिरायचं ते कळतं. पण हे झालं एसीचं, म्हणजे घरच्या लाइनमधल्या सारखी दिशा बदलणाऱ्या करंटचं; बॅटरीचा एकाच दिशेचा तो डीसी. तुमच्या किटातला, प्लास्टिकचं वेष्टण घातलेला डबीसारखा, तो इलेक्ट्रोलिटिक. त्याला प्लस-मायनस असतं. वेष्टणावर पट्टा असतो ती मायनस बाजू, आणि नव्या कपॅसिटरचा लांब पाय प्लस. उलटा लावला तर गरम होतो, फुगतो, कधी डोकं फुटून आतला वास खोलीभर पसरतो. चपटे, मातकट, १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर कसेही लावा. १०४ म्हणजे १० वर चार शून्य, इतके पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड.

त्याचं काम शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवा. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा घ्या. प्लस-मायनस सांभाळून क्षणभर बॅटरीला टेकवा, काढा, आणि १ किलोओहम जोडलेल्या एलईडीला लावा. एलईडी पेटतो, मंद मंद होत काही सेकंदांत विझतो. बॅटरी कुठेच नाही! रेझिस्टर दहापट मोठा घ्या, तो जास्त वेळ पण फिकट पेटेल. किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांचा गुणाकार केला की मिलिसेकंद मिळतात. १ गुणिले १००० म्हणजे १ सेकंद, तेवढ्यात भरलेलं व्होल्टेज ढोबळमानाने एकतृतीयांशावर येतं. एलईडी मध्ये असला की हिशेब जरा बिघडतो, पण अंदाज चुकत नाही.

एकच गोष्ट कडकपणे सांगा: घरचा चार्जर, टीव्ही, एलईडी बल्ब उघडून हा प्रयोग करायचा नाही. आपल्या २३० व्होल्ट एसीचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि चार्जरमधला मोठा कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरून बसतो. प्लग काढल्यावरही. मला बसलेले झटके यातलेच जास्त.

डायोड पटकन सांगतो. करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा, आणि जाताना ०.७ व्होल्टच्या आसपास टोल घेणारा. काळ्या अंगावर चंदेरी पट्टा असतो, तिकडून करंट बाहेर पडतो. किटातला बहुधा वन एन ४००७ असेल, १ अँपिअरचा. मीटरच्या डायोड रेंजवर एका बाजूने ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा आणि उलट धरल्यावर काहीच नाही, म्हणजे ठणठणीत. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. अलार्मच्या प्लस वायरमध्ये एक डायोड टाकला तर मुलांनी बॅटरी उलटी लावली तरी काही जळणार नाही. त्या बदल्यात ०.७ व्होल्ट जातील, चालतंय.

आता ट्रान्झिस्टर, म्हणजे तुमच्या खऱ्या दुखण्यापाशी आलो. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. बीसी ५४७ हा त्याचाच गरीब घरचा पणतू, रुपया-दोन रुपयांना मिळणारा. चपटी बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरचे पाय याच क्रमाने असतील असं धरून चालू नका. दुकानदाराने ‘तेच आहे, चालेल’ म्हणून दुसरं काही दिलं, की उलटे पाय ठरलेले.

बेसमधून एमिटरकडे बारीक करंट सोडला की कलेक्टरमधून एमिटरकडे त्याच्या कितीतरी पट करंटला वाट मिळते. बीसी ५४७ मध्ये ही पट ११० पासून ८०० पर्यंत कुठेही असू शकते, आपण हिशेबाला २०० धरू. ट्रान्झिस्टर करंट ‘वाढवतो’ असं मुलांना सांगितलंत तर ती विचारतील, जास्तीचा आला कुठून? बॅटरीतूनच आला. बेसच्या करंटने फक्त वाट उघडली. धरणाचा दरवाजा उचलायला माणसाचा हात पुरतो, पाणी धरणाचं असतं.

तुमचं सर्किट असं असणार: बॅटरीच्या प्लसपासून बझर, बझरची दुसरी बाजू कलेक्टरला, एमिटर मायनसला. प्लसची एक वायर टाकीत, आणि टाकीतलीच दुसरी वायर १ किलोओहममधून बेसला. पाणी दोन्ही वायरींना टेकलं की बेसला करंट मिळतो. म्हणजे या सर्किटातला सगळ्यात मोठा रेझिस्टर आहे खुद्द पाणी! तो किटात आलेला नाही आणि त्यावर पट्टेही नाहीत.

घरी तुम्ही कुठलं पाणी घेतलं? बोअरचं असणार, असा माझा अंदाज आहे. त्यात क्षार भरपूर. वायरींमधला रोध समजा ५० किलोओहम आला. बेस-एमिटरचे ०.७ वजा करून उरले ८.३ व्होल्ट, त्याला ५१ किलोओहमने भागा: ०.१६ मिलिअँपिअर. गुणिले २०० म्हणजे ३२. बझरला दहा-पंधरा मिलिअँपिअर पुरतात, म्हणून दणकून वाजला. शाळेत बादली पिण्याच्या पाण्याच्या आरओ मशीनच्या नळाखाली भरली असेल, तर क्षार गेले. रोध ५०० किलोओहम धरला तर कलेक्टरला मिळतात जेमतेम ३ मिलिअँपिअर. बझर कुईं करेल किंवा गप्प बसेल. पावसाच्या पाण्यानेही हेच होतं. पाण्याचा रोध मीटरने मोजायला गेलात तर आकडा एका जागी थांबणार नाही, चढत राहील. मीटर बिघडलेला नाही. डीसी लावल्यावर वायरींच्या पृष्ठभागावरच रासायनिक खेळ सुरू होतो.

अंदाजावर विसंबू नका, मोजा. वायरी पाण्यात ठेवून, काळी सुई एमिटरवर धरून तीन जागा बघा. पहिली, बॅटरीचं प्लस. हे सर्किट चालू असतानाच मोजायचं. सुटी बॅटरी ८.५ दाखवते आणि बझर जोडला की ५ वर कोसळते, असं रोज बघतो. दुसरी, बेस. इथे ०.६ ते ०.७ हवेत. शून्य असेल तर करंट बेसपर्यंत पोचतच नाही, वायर किंवा ब्रेडबोर्ड तपासा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मध्यावर तुटक असतात, त्यावर पोरं तासन्‌तास घालवतात. तिसरी, कलेक्टर. इथे ०.२ च्या आसपास आले तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलाय, तरीही आवाज नसेल तर बझर उलटा लागलाय किंवा गेलाय. ९ आले तर पूर्ण बंद. आणि ४-५ असं काहीतरी मधलंच आलं, तर माझा अंदाज बरोबर: दरवाजा अर्धा उघडलाय, पाणी कमी पडतंय. करंटच्या दृष्टीने.

खात्रीच करायची तर बादलीत चमचाभर मीठ टाका आणि ढवळा. आवाज चढत गेला की निदान पक्कं. मुलांच्या देखत करा, प्रदर्शनाचा अर्धा प्रयोग तोच.

कायमचा इलाज म्हणजे आणखी एक बीसी ५४७. दोघांचे कलेक्टर एकत्र जोडा, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा एमिटर मायनसला. पाण्याची वायर पहिल्याच्या बेसला, तो १ किलोओहम तसाच ठेवून. याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. पटीला पट: २०० गुणिले २००. आता मोजाल तेव्हा पहिल्याच्या बेसवर ०.७ ऐवजी सुमारे १.३ दिसतील, कारण वाटेत दोन टोल आहेत, आणि कलेक्टर ०.२ पर्यंत उतरणार नाही, ०.७ च्या वर थांबेल. बिघाड समजू नका. बझरला तरी ८ व्होल्ट मिळतात. तोटा एवढाच, की हे सर्किट फार हळवं होतं. ओलसर बोटांनी दोन्ही वायरी धरल्या तरी वाजतं. ९ व्होल्टवर त्यात धोका नाही, मुलांना धरू द्या. पण टाकीच्या ओल्या भिंतीला वायरी चिकटल्या तर टाकी रिकामी असतानाही बोंब मारेल, म्हणून टोकं भिंतीपासून लांब, मोकळी लोंबती ठेवा.

प्रदर्शनानंतर कुणी हा खरंच घरच्या टाकीवर बसवला, तर काही आठवड्यांनी तो पुन्हा मुका होईल. वायरी उपसून बघा: प्लसकडच्या तांब्यावर हिरवट थर, तार खाल्ल्यासारखी बारीक झालेली, दुसरी मात्र बऱ्यापैकी शाबूत. पाण्यातून डीसी गेला की प्लसकडचा धातू विरघळत जातो. तांब्याऐवजी स्टीलच्या चमच्यांचे दांडे किंवा स्टेनलेसचे स्क्रू लावले तर खूप दिवस निघतात, आणि टाकी भरल्याबरोबर मोटर बंद करून पाणी टोकांच्या खाली आणलं तर त्याहून जास्त.